इंडक्शन भट्टीला कन्सेंट लागतो का? लागतो, आणि भट्टीच्या आधी लागतो

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. आपल्या कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावात मशीन शॉपची जुनी शेड मिळतेय, तिथं लोखंड वितळवायला अर्ध्या टनाची इंडक्शन भट्टी टाकायचीय. भट्टी विकणारा म्हणतो, विजेवर चालते, धूर नाही, एमपीसीबीचं (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) काही लागत नाही. शेडमालक म्हणतो, माझा कन्सेंट (मंडळाची परवानगी) अजून तीन वर्षं आहे, त्यावरच चालव. दोघंही आपला माल खपवतायत. मी पंचवीस वर्षं ओतकामात आहे, आधी कोकवर चालणाऱ्या कुपोला भट्टीवर, मग इंडक्शनवर, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

आधी शेडमालकाचं. त्याचा कन्सेंट त्याच्या फर्मच्या नावानं आणि मशीनिंगसाठी आहे. त्यात भट्टी नाही, ओतकाम नाही. तो कागद तुझ्या भिंतीवर लावलास तरी उपयोग शून्य.

आता धुराचं. कुपोलाचा काळा लोट इंडक्शनला नसतो, हे खरं. पण भंगाराला तेल, रंग, गंज चिकटलेला असतो, चार्जिंग करताना, म्हणजे भंगार भट्टीत टाकताना, त्याचा धूर भसकन वर येतो. आणि भट्टीपेक्षा जास्त धूळ शेकआउटला (साचा फोडून कास्टिंग काढताना), फेटलिंगला (कडा घासताना) आणि शॉट ब्लास्टिंगला (छर्रे मारून साफ करताना) उडते. कायदा धूर काळा की पांढरा ते विचारत नाही. फाउंड्रीसाठी धूलिकणांची मर्यादा इंडक्शनला 150 मिलिग्रॅम प्रति घनमीटर आहे. ताशी 3 टनांखालच्या कुपोलाला 450 आहे. म्हणजे 'स्वच्छ' भट्टीलाच मर्यादा जास्त कडक.

तुला मुख्यतः दोन परवाने लागतील, तेही क्रमानं. पहिला कन्सेंट टू एस्टॅब्लिश, म्हणजे उभारणीची परवानगी. हा उभारणीच्या आधीचा. म्हणजे फाउंडेशन खणायच्या आधी, भट्टी आणून ताडपत्रीखाली ठेवायच्याही आधी. हा उत्पादन सुरू होईपर्यंत किंवा पाच वर्षं, जे आधी येईल तोवर चालतो. मशिनरी आणि धूळ पकडायची यंत्रणा बसली की दुसरा, कन्सेंट टू ऑपरेट, म्हणजे चालवायची परवानगी. तो हातात आल्याशिवाय पहिली हीट (वितळवलेला घाणा) काढायची नाही, 'ट्रायल' म्हणूनसुद्धा नाही. पुढं त्याचं रिन्युअल लागेल तेव्हा मुदत संपायच्या बरंच आधी अर्ज टाकायचा, नेमके किती दिवस ते कन्सेंटच्या अटींत बघायचं. उत्पादन, इंधन किंवा भट्टी बदलायची असेल तर मुदत शिल्लक असली तरी पुन्हा एस्टॅब्लिशपासून सुरुवात.

हवेचा कायदा 1981 चा, पाण्याचा 1974 चा, पण आपल्याकडं दोन्हींचा अर्ज एकच आणि ऑनलाइन. वापरलेलं ऑईल वगैरेसाठीचं घातक कचऱ्याचं ऑथरायझेशनही त्याच कागदात येतं. फी भांडवली गुंतवणुकीवर ठरते. सीएकडून सर्टिफिकेट घेताना घसारा वजा करून आकडा छोटा करू नकोस, मूळ किंमतच धरतात. किती प्रदूषण होतं त्यावरून उद्योगांना तांबडा, नारिंगी, हिरवा, पांढरा असे रंग देतात, त्यावर कन्सेंटची मुदत आणि तपासणी ठरते. नुसतं मशीनिंग हलक्या रंगात बसू शकतं, पण लोखंड वितळवायचं म्हटलं की पांढरा विसर. केंद्राचं पर्यावरण मंजुरीचं प्रकरण मात्र तुझ्या वाट्याला येत नाही. नुसत्या भट्ट्या चालवणाऱ्यांना ते वर्षाला 30,000 टनांच्या वर लागतं.

आता जिथं मी स्वतः मार खाल्ला ते. अर्जात 'उत्पादन क्षमता' असा रकाना असतो. माझ्या कन्सल्टंटनं सांगितलं, कमी लिहा, कटकट कमी. महिन्याला 60 टन लिहिलं. दोन वर्षांनी ऑर्डरी वाढल्या, दुसरी शिफ्ट सुरू केली. रिन्युअलला आलेल्या अधिकाऱ्यानं धूळ, चिमणी काही बघितलं नाही, लाईटबिल मागितलं. 78,000 युनिट. टनाला साधारण सहाशे युनिट धरून त्यानं तिथंच भागाकार केला, 130 टन. माझ्याकडं उत्तर नव्हतं. रिन्युअल सात महिने अडकलं, मंडळाकडं ठेवलेली बँक गॅरंटी गेली. आणि खरा फटका वेगळाच. आमच्या मोठ्या गिऱ्हाइकानं ऑडिटला चालू कन्सेंट मागितला आणि पॅटर्न (साचा बनवायचे नमुने) उचलून शिरोलीतल्या दुसऱ्या फाउंड्रीत नेले. ते परत आले नाहीत.

म्हणून तुझं गणित आत्ताच कर. अर्धा टन, दोन शिफ्टमध्ये सोळा हीट, पंचवीस दिवस, म्हणजे महिन्याला 200 टन रस (वितळलेलं लोखंड). त्यातलं रनर-रायझर (साच्याच्या वाटांत गोठलेला रस) आणि रिजेक्शन जाऊन कास्टिंग कितीतरी कमी निघतं. अर्जात 200 लिहितोस ते वितळलेला रस की तयार माल, हे शब्दांत स्पष्ट लिही. आणि आज एक शिफ्ट चालवणार असलास तरी दोन लिही.

चिमणीवर पैसे वाचवू नकोस. भट्टीवर सक्शन हूड, डक्टिंग (धूर नेणारे पाइप), बॅग फिल्टर, मग आयडी फॅन (धूर ओढणारा पंखा) आणि चिमणी. फॅब्रिकेटरला चिमणी उभी करायच्या आधीच पोर्टहोल (धुराचा नमुना घ्यायचं भोक) आणि शिडी-प्लॅटफॉर्म सांग. पोर्टहोल शेवटच्या वळणापासून आठ व्यास वर आणि तोंडापासून दोन व्यास खाली हवं, नाहीतर नमुना घेणारे रिकाम्या हातानं परत जातात. आमच्याकडं फॅब्रिकेटरनं हाताला येईल तिथं भोक पाडलं होतं. नंतर चिमणीच कापून वाढवावी लागली.

जनरेटरचीही चिमणी मोजतात. जनरेटरच्या केव्हीए क्षमतेचं वर्गमूळ काढायचं, 0.2 नं गुणायचं, तेवढे मीटर इमारतीच्या वर. 125 केव्हीएला सव्वादोन मीटर. नवा घेणार असशील तर जुलै 2023 पासूनचे कडक निकष पाळणाराच घे. उद्यमनगरात स्वस्तात मिळतोय म्हणून जुना उचलू नकोस.

तुरुंगाची भीती कुणी घालेल. 2023 च्या जनविश्वास कायद्यानंतर हवा कायद्यात मुख्यतः दंड आलाय, 10,000 ते 15 लाख. पण मंडळाला वीज तोडायला लावायचा अधिकार आधीपासून आहे, आणि इंडक्शनवाल्याला तेवढं पुरतं. क्रूसिबलमध्ये (भट्टीच्या भांड्यात) रस असताना लाईट गेल्यावर तो आतच गोठतो, ते तुला माहीत असेलच. आपलं कोल्हापूर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांच्या यादीत आहे, त्यामुळं फाउंड्रीकडं मंडळाची नजर असतेच.

कन्सेंट आल्यावर अटींची पानं पहिल्या दिवशी वाच. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण 30 जूनपर्यंत, पर्यावरण विवरण 30 सप्टेंबरपर्यंत. ऐन गणपतीच्या धामधुमीत येतं, हमखास विसरतं.

भट्टीवाल्याला ॲडव्हान्स देणार असशील तर पावतीवर 'एस्टॅब्लिश मिळाल्यावर डिलिव्हरी' एवढं लिहून घे. तो कुरकुर करेल, करू दे. शेडच्या छपराची उंची आणि भट्टीचं डक्ट किती इंची काढणार आहेस ते इथं टाक, पोर्टहोल कुठं येईल ते सांगतो.