उंच केलेल्या गाडीत चढायला आधार : हँडल कोणतं घ्यावं, कुठं बसवावं?

प्रश्न : शेताकडचा पांदण रस्ता फार खराब, म्हणून आमच्या ईकोला स्प्रिंगपाशी स्पेसर टाकून गाडी दोन इंच उचलून घेतली. आता ७२ वर्षांच्या आईला मधल्या सीटवर चढता येत नाही. ती सरकत्या दाराला धरते आणि दारच सरकतं. बाजारात छताला लावायची घडीची हँडलं, पट्ट्याची हँडलं आणि स्टीलच्या नळीची हँडलं अशी तीन प्रकारची दिसतात. कोणती घ्यावीत?
– एक वाचक, केज (जि. बीड)

उत्तर : आईंसाठी स्टीलच्या नळीचंच घ्या, आणि ते उभं बसवा. छताचं घडीचं हँडल बसलेल्या माणसाला वळणावर तोल सावरायला असतं. त्याला लोंबकळून चढलं की आतली प्लास्टिकची बिजागरी तरी तुटते, नाहीतर छताचा पत्रा वाकतो. पट्ट्याचं हँडल हाताबरोबर हलतं, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यातून स्थिर आधार मिळत नाही.

नळी २५ ते ३० मिलिमीटर जाडीची हवी. बोटं आखडत असतील तर ३० जवळची बरी. नळी आणि पिलर (दाराच्या चौकटीचा उभा खांब) यांच्यात ४० ते ४५ मिलिमीटर मोकळी जागा पाहिजे, नाहीतर बांगड्या घातलेला हात आत जात नाही. पण दुकानात हँडल हातात घेतलं की आधी त्याचे पाय, म्हणजे गाडीला टेकणारी दोन टोकं पाहा. पायाची पट्टी किमान ३ मिलिमीटर जाड असावी, नळीला चारही बाजूंनी वेल्डिंग असावं आणि प्रत्येक पायाला ८ मिलिमीटरचा बोल्ट जाईल एवढं भोक असावं. नुसतं चकचकीत पॉलिश बघून घेतलेलं हँडल पायापाशीच तडकतं.

हँडलच्या आधी पायदानाचा विचार करा. जमिनीपासून दाराच्या उंबऱ्यापर्यंतची उंची मोजा. ती ४० सेंटिमीटरच्या वर असेल तर कितीही चांगलं हँडल लावलं तरी सगळा भार खांद्यावर येतो. निम्म्या उंचीवर पायदान द्या. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चाकोरीत पक्कं पायदान घासतं आणि त्यात चिखल भरतो, म्हणून घडीचं करून घ्या.

जागा ठरवायला आईंनाच गाडीपाशी उभं करा, रोजच्या चपला घालून, सपाट जमिनीवर. हात खांद्याच्या वर न नेता पिलरवर जिथं पोचतो तिथं चिकटपट्टीची खूण करा. मग त्यांना धरून उंबऱ्यावर चढवा आणि तेव्हा हात जिथं येतो तिथं दुसरी खूण करा. या दोन्ही खुणा हँडलच्या लांबीत बसल्या पाहिजेत. आडवं हँडल इथं चालत नाही, कारण चढताना हात नळीवरून वर सरकावा लागतो.

आता दाराचा अडथळा. खुणेच्या जागी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा चिकटवा आणि दार हळू बंद करा. गोळा दाबून जेवढा जाड उरेल तेवढीच जागा तुमच्याकडे आहे. हँडल त्याहून पुढे येत असेल तर पिलरच्या आतल्या, सीटकडच्या बाजूला सरका.

भोक पाडण्याआधी पिलरचं प्लास्टिक काढा. याच पिलरमध्ये पुढच्या सीटबेल्टची गुंडाळी असते, वायरही असतात. सीटबेल्टच्या बोल्टखाली हँडलचा पाय अडकवायचा नाही, कुणी कितीही मजबूत आहे म्हणून सांगितलं तरी. प्लास्टिकवर ‘एअरबॅग’ असं कोरलेलं असेल तर तिथं काहीच बसवू नका. पडदा एअरबॅग असलेल्या गाडीत छताच्या कडेलाही हेच लागू.

पकड बोल्टची नसते, मागच्या पत्र्याची असते. पाय घसरला तर ६५ किलोच्या माणसाचं सगळं वजन झटक्यानं त्यावर येतं. एवढ्यानं ८ मिलिमीटरचा बोल्ट तुटत नाही, पत्रा फाटतो. म्हणून पिलरच्या आत ४० मिलिमीटर रुंद, ५ मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी घाला. लांबी हँडलच्या दोन्ही भोकांच्या पुढे ३०-३० मिलिमीटर. तिच्यावर ८ मिलिमीटरचे दोन नट टेबलावरच वेल्ड करून घ्या, गाडीत वेल्डिंग नको. पट्टीला तार बांधून पिलरच्या मोठ्या भोकातून आत सोडा, तार बोल्टच्या भोकातून बाहेर ओढली की नट बरोबर समोर येतो.

क्रम असा : सेंटर पंच, मग ३ मिलिमीटरचं बिट, मग ८.५ चं. बिटवर टोकापासून १० मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे बिट आत घुसून वायर कापणार नाही. भोकाची धार कानसून रेड ऑक्साईड लावा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. बोल्ट ८.८ ग्रेडचे, स्प्रिंग वायसर लावून, आट्यांना मध्यम ताकदीचं लॉकिंग लिक्विड. १३ च्या पान्यानं २० ते २२ न्यूटन-मीटर आवळा. ५०० किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावून पाहा.

प्रश्न : ट्रॅक्स क्रूझरच्या मागच्या दारापाशी लावलेलं हँडल दर दोन महिन्यांनी ढिलं होतं. जाड स्क्रू टाकून पाहिले. काय करावं?
– एक वाचक, औंढा नागनाथ (जि. हिंगोली)

उत्तर : जाड स्क्रूनं भोक आणखी मोठं झालं, एवढंच. गाडीचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यात सेल्फ स्क्रूची एखादीच आटी धरते, आणि खडीच्या रस्त्यावर ती दर हादऱ्याला भोक खाते. स्क्रू काढून टाका. मागून हात पोचत असेल तर आरपार बोल्ट, मागे ३ मिलिमीटरची पट्टी आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्यानं सहज न सुटणारा). हात पोचत नसेल तर ८ मिलिमीटरचा पोलादी रिव्हेट नट (बाहेरूनच गननं ओढून पत्र्यात दाबून बसवायचा नट), त्याला ११ मिलिमीटरचं भोक लागतं. पण वाढलेल्या, लंबगोल भोकात तो बसवायचा नाही, फिरत राहतो. जुन्या भोकापासून २५ मिलिमीटर बाजूला नवीन भोक पाडा आणि जुनं बुजवा. आधी भंगारातल्या तेवढ्याच जाडीच्या पत्र्यावर एक नट आवळून बघा, म्हणजे गनची ओढ किती ठेवायची ते कळतं. अॅल्युमिनियमचे रिव्हेट नट या कामाला नकोत. आणि हँडल दाराच्या पल्ल्यावर असेल तर ते चौकटीच्या खांबावर हलवा. पल्ला झुलतो, चढणारा त्याच्याबरोबर झुलतो.

प्रश्न : उन्हाळ्यात स्टीलचं हँडल हाताला चटका देतं. आणि अशा बदलाला आरटीओत अडचण येते का?
– एक वाचक, परतूर (जि. जालना)

उत्तर : नळीवर रबराची नळी चढवा, स्पंज नको. स्पंज घामानं आणि उन्हानं दोन उन्हाळ्यांत चिकट होऊन सुटतो. रबर चढवताना साबणाचं पाणी लावा, तेल लावलं तर रबर पुढेही फिरत राहतं. हँडलमुळे आरसीतली कोणतीच नोंद बदलत नाही. मात्र बोल्टचं टोक किंवा धारदार कोपरा बाहेर राहू देऊ नका, वर प्लास्टिकची टोपी बसवा. गाडी उचलून घेणं ही वेगळी गोष्ट आहे. ती मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येऊ शकते, तेव्हा स्पेसर टाकण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांनाही लेखी विचारा.