लायसन्स माणसाचं की कॉम्प्युटरचं?

या वेळी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून निम्मे प्रश्न सॉफ्टवेअरच्या लायसन्सचेच होते. त्यातले चार घेतलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण तो प्रश्न थोड्याफार फरकानं किनारपट्टीवरच्या बऱ्याच जणांनी विचारलाय.

प्रश्न : मांद्रेला आमचं छोटं गेस्टहाऊस आहे. कायमची माणसं तीन, सीझनला आणखी चार पोरं येतात. रिसेप्शनवर कॉम्प्युटर एकच, त्यावर पाळीपाळीनं बसतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ (ऑफिस आणि मेलचं भाड्याचं पॅकेज) घ्यायचं म्हटलं तर डीलर सांगतो सात युझर घ्या. कॉम्प्युटर एक तर सात कशाला? आणि पावसात पोरं गावाला गेली तरी पैसे भरतच राहायचे का?

उत्तर : डीलरचं अर्धं बरोबर आहे. हे लायसन्स कॉम्प्युटरला लागत नाही, माणसाला लागतं. ऑफिस अ‍ॅप्स (वर्ड, एक्सेल वगैरे) असलेला प्लॅन घेतला तर एकाच युझरला पाच कॉम्प्युटर, पाच टॅबलेट आणि पाच फोनवर ते टाकता येतं, पण एका कॉम्प्युटरवर तीन माणसं बसत असतील तर तिघांना तीन लागतात. 'रिसेप्शन' नावाचं एकच लॉगिन करून सगळ्यांनी वापरायचं हे नियमात बसत नाही, आणि नियम सोडा, ते तुमच्याच अंगाशी येतं. बुकिंग कॅन्सल कुणी केलं ते कळत नाही, पोरगा नोकरी सोडून गेला की पासवर्ड त्याच्याबरोबर जातो, आणि ओटीपी नेमका त्याच्या फोनवर येतो जो चवथीला घरी गेलाय.

आता डीलरचं उरलेलं अर्धं. सातही जणांना लायसन्स लागतं कुठे? खोल्या बघणारा पोरगा, किचनमधला पोरगा, यांना एक्सेल कशाला! ज्याला स्वतःचा मेल किंवा फाइल उघडावी लागते तेवढेच मोजा. तुमच्याकडे ते बहुतेक चार किंवा पाच निघतील. त्यातही सगळ्यांना सारखा प्लॅन नको. हिशेब बघणाऱ्याला कॉम्प्युटरवर टाकायचं ऑफिस द्या, रिसेप्शनवाल्यांना बिझनेस बेसिक चालतं, त्यात वर्ड एक्सेल ब्राउझरमध्ये आणि मोबाइलवर उघडतं. दोन्ही प्लॅन एकाच अकाउंटमध्ये ठेवता येतात. बुकिंगचा जो सामायिक मेल असतो त्याला वेगळं लायसन्स घेऊ नका, तो 'शेअर्ड मेलबॉक्स' म्हणून करून घ्या, ५० जीबीपर्यंत त्याचे पैसे पडत नाहीत, फक्त तो उघडणाऱ्या प्रत्येकाकडे स्वतःचं लायसन्स पाहिजे.

आणि आता पावसाचं, जे खरं तर डीलरनं तुम्हांला आधी सांगायला हवं होतं. मुदत किती आणि बिल कधी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्षाचा करार करून बिल दर महिन्याला भरता येतं, आणि लोक त्यालाच 'मंथली' समजून बसतात. तसं घेतलं की पहिल्या ७ दिवसांत युझर कमी करता येतात, त्यानंतर वर्ष संपेपर्यंत नाही, वाढवता मात्र कधीही येतात. पोरं जूनला गेली तरी बिल येतच राहणार. खरोखर महिन्याची मुदत असलेलं घेतलं तर ते वर्षाचे पैसे एकदम भरण्यापेक्षा साधारण २० टक्के महाग पडतं, पण कुठल्याही महिन्याअखेर सोडता येतं.

गणित सोपं आहे. ऑक्टोबर ते मे धरले तर आठ महिने, २० टक्के जास्त धरून ते नऊ महिने अठरा दिवसांच्या पैशांत बसतात, म्हणजे बाराच्या खालीच. दहा महिन्यांना दोन्ही सारखं पडतं. म्हणून कायमच्या माणसांना वर्षाचं आणि सीझनच्या पोरांना महिन्याचं, असं मिसळून घ्या, ते चालतं. डीलरला विचारताना 'मंथली आहे का' असं विचारू नका, 'जूनला दोन युझर काढले तर बिल कमी होणार का' असं विचारा आणि उत्तर मेलवर घ्या.

पोरगा सोडून गेला की आधी त्याचं साइन-इन बंद करा, मग लायसन्स त्याच्यावर असतानाच त्याचा मेलबॉक्स शेअर्ड करून ठेवा, आणि त्यानंतर लायसन्स मोकळं करून पुढच्या माणसाला द्या. त्यासाठी नवीन घ्यावं लागत नाही. रागाच्या भरात युझरच डिलीट करून टाकलात तर ३० दिवसांत परत आणता येतो, नंतर मेल गेले म्हणून समजा.

हॉटेलचं बुकिंग सॉफ्टवेअर वेगळं घेणार असाल तर त्याचं मोजमाप वेगळं असू शकतं, काही जण युझरवर पैसे घेतात, काही खोल्यांवर. तुमच्याकडे माणसं बदलतात, खोल्या तेवढ्याच राहतात, तेव्हा खोल्यांवरचं आधी बघा.

प्रश्न : म्हापशाला बाजारात दुकान आहे. टॅलीचा कॉम्प्युटर बंद पडला, हार्ड डिस्क गेली. डेटाचा बॅकअप आहे, सीरियल नंबर आणि अ‍ॅक्टिव्हेशन की कागदावर आहे. नवीन कॉम्प्युटरवर टाकलं तर चालत नाही, तारीख १, २ आणि ३१ शिवाय घेतच नाही. की खोटी निघाली का?

उत्तर : की खोटी नाही. तुमचं टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडतंय, त्यात एवढ्याच तारखांना एंट्री होते. नुसती की टाकून काम होत नाही, ती कंपनीच्या सर्व्हरकडे जाते आणि तिथे नोंद असते की हे लायसन्स अमुक कॉम्प्युटरवर चालू आहे. त्या नोंदीत अजून तुमचा मेलेला कॉम्प्युटरच आहे. चालू कॉम्प्युटर बदलताना जुन्यावरून लायसन्स 'सरेंडर' करायचं आणि नव्यावर अ‍ॅक्टिव्हेट करायचं असतं. तुम्हांला ती संधीच मिळाली नाही, तर रीसेट करून घ्यावं लागेल, आणि ते होतं लायसन्स ज्या ईमेलवर रजिस्टर आहे त्यावरून. इथेच बहुतेक दुकानदार अडकतात, कारण तो ईमेल असतो जुन्या अकाउंटंटचा नाहीतर विकणाऱ्याचा. आधी तो शोधा, काम झालं की बदलून स्वतःचा घाला.

टॅली अजून कायमचं विकत मिळतं, सिल्व्हर एका कॉम्प्युटरला, गोल्ड नेटवर्कवर अनेकांना. टीएसएसचं (टॅलीच्या अपडेट आणि ऑनलाइन सेवेच्या वर्गणीचं) रिन्यूअल केलं नाही तर सॉफ्टवेअर बंद पडत नाही, नवीन आवृत्त्या आणि ऑनलाइन सोयी थांबतात. 'रिन्यू नाही केलं तर टॅली बंद' म्हणून कुणी घाबरवलं तर ऐकू नका, पण जीएसटी भरणाऱ्या दुकानानं ते रिन्यू करावंच असं माझं मत.

प्रश्न : फोंड्याला डीटीपीचं दुकान आहे. विंडोजची 'ओरिजिनल' की ऑनलाइन पाचशेला मिळाली, चालूही झाली. मग बाकीचे हजारो का देतात?

उत्तर : २५ अक्षरांची की चालू झाली म्हणजे लायसन्स मिळालं असं नाही. मोठ्या कंपन्यांना एकच की अनेक कॉम्प्युटरसाठी देतात, ती बाहेर फुटते आणि तुकड्यातुकड्यानं विकली जाते. आज चालते, ब्लॉक झाली की संपली. बघायचं असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत एस-एल-एम-जी-आर, स्पेस, स्लॅश, डी-एल-आय टाइप करा. खिडकीत रिटेल (सुटं विकलेलं) किंवा ओईएम (कॉम्प्युटरबरोबरच आलेलं) आलं तर निदान जात तरी बरोबर आहे. व्हॉल्यूम (अनेक कॉम्प्युटरची ती एकच की) आलं आणि तुमचा मायक्रोसॉफ्टशी तसला करार नाही, तर ती दुसऱ्याची आहे. केएमएस (कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवरून चालू होणारी की) म्हणून असेल तर तिला दर १८० दिवसांच्या आत सर्व्हर गाठावा लागतो. त्यासाठी जे 'अ‍ॅक्टिव्हेटर' फिरतात, ते अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, एवढ्यावरून काय ते समजा.

कायदाही बघा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३-ब : चोरीची प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. दुकानात धंद्यासाठी वापरताय, तेव्हा 'घरगुती होतं' म्हणून सूटही मागता येणार नाही. जीएसटी नंबर असलेलं पक्कं बिल मागा, जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

प्रश्न : वाळपईला पावसात नेट दिवसेंदिवस नसतं. सबस्क्रिप्शनवालं ऑफिस बंद पडेल का?

उत्तर : नाही. कॉम्प्युटरवर टाकलेलं असेल तर ३० दिवसांत एकदा नेट मिळालं की पुरतं, मोबाइलचा हॉटस्पॉटही चालेल. त्याहून जास्त झालं तर फाइल उघडेल, प्रिंट निघेल, बदल करता येणार नाहीत, नेट आलं की पुन्हा सुरू. फक्त बिझनेस बेसिक घेऊ नका, ते ब्राउझरवरचं आहे, नेट गेलं की हात बांधून बसावं लागेल.