शंभर मीटरवर झिरो अचूक, पण पुढे गोळी उजवीकडे जाते: स्कोप तिरका बसला असेल का?

शंभर मीटरवर झिरो, म्हणजे नेम आणि गोळीचा मार यांची जुळणी, बरोबर असल्याने गोळ्या मध्यावर लागतात, मात्र अंतर वाढत जाईल तशा त्या उजवीकडे सरकतात, तेव्हा दोष रायफलीवरील स्कोपच्या, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीच्या, बसवणीत आहे का, असे आपण विचारले आहे. तसे असण्याची दाट शक्यता आहे. माझ्या रायफलीतही नेमके हेच झाले होते.

स्कोपचा वरचा टरेट (उंची बदलण्याची फिरकी) फिरवला की गोळी रेटिकलच्या (स्कोपमध्ये दिसणाऱ्या नेमाच्या खुणेच्या) उभ्या रेषेच्या दिशेने वर सरकते. ही रेषा ओळंब्यात नसेल, तर दिलेल्या उंचीचा काही भाग बाजूला वाहून जातो. समजा, हजार मीटरसाठी १० मिल (१ मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग) द्यावे लागतात, म्हणजे त्या अंतरावर १० मीटर. रेषा केवळ १ अंश उजवीकडे कललेली असली तरी गोळी सुमारे १७ सेंटिमीटर उजवीकडे लागते आणि ३ अंशांचा कल असेल तर ५२ सेंटिमीटर. शंभर मीटरवर टरेट शून्यावरच असल्याने हा दोष तिथे दिसतच नाही.

मी सुरुवातीला टरेटच्या टोपीवर पाणसळ ठेवून स्कोप बसवला, आणि तीच चूक ठरली, कारण टोपी आणि आतले रेटिकल एकमेकांशी समांतर असतीलच असे नाही. रायफल स्वतः किंचित कललेली राहिली तर होणारी चूक त्या मानाने फारच लहान असते. गोळी सुटताना रेटिकल ओळंब्यात असणे हे खरे महत्त्वाचे.

म्हणून चेंबर (रायफलीत गोळी बसते तो कप्पा) रिकामे असल्याची खात्री करून, प्रथम नेमबाजीच्या स्थितीत स्कोपपासून डोळ्याचे अंतर ठरवून घ्या. मग रायफल स्टँडवर स्थिर करून दूर टांगलेल्या ओळंब्याच्या दोरीशी उभी रेषा जुळवा. स्कोप धरून ठेवणाऱ्या रिंगचे स्क्रू दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, थोडे थोडे आवळा आणि दर फेरीनंतर दोरीकडे पुन्हा पाहा, कारण एकच बाजू आवळली की स्कोपची नळी हमखास फिरते. शेवटचा ताण टॉर्क रेंचने, उत्पादकाने दिलेल्या आकड्याइतकाच द्या. रेषा जुळलेली असतानाच स्कोपवर छोटी पाणसळ पक्की करा आणि प्रत्येक गोळीपूर्वी तिच्याकडे पाहण्याची सवय लावा.

यानंतरची चाचणी मी कधीही टाळत नाही. टेपने मोजलेल्या १०० मीटरवर उंच कागद लावून त्यावर ओळंब्याने उभी रेघ आखा, तळाच्या खुणेवर ५ गोळ्या मारा, मग १० मिल वर देऊन त्याच खुणेवर नेम धरून आणखी ५ मारा. दुसरा गट बरोबर १ मीटर वर, रेघेवरच पडला पाहिजे. तो ५ सेंटिमीटर उजवीकडे पडला तर कल जवळपास ३ अंशांचा आहे. उंचीच कमी-जास्त भरली तर टरेटचे क्लिक (फिरवतानाचे टप्पे) खरे नाहीत.

गट रेघेवर पडूनही लांबवर गोळी उजवीकडे जात असेल, तर रिंगना हात लावू नका. उजव्या पिळाच्या (आतल्या खाचा उजवीकडे वळणाऱ्या) बॅरलमधून सुटलेली गोळी स्वतःच्या फिरण्यामुळे लांब पल्ल्यावर उजवीकडे सरकतेच, त्यामुळे ते सरकणे आणि वारा यांचा हिशेब बाजूच्या टरेटवर करावा लागेल.