डिझेल महागतंय म्हणून क्रूडचा लॉट घ्यावा का?

प्रश्न: नाशिकला माझे दोन टेम्पो आहेत, महिन्याला 600 लिटर डिझेल लागतं. तेल चढणारच, असं सगळे म्हणतात. शिलकीच्या 4 लाखांतून एमसीएक्स या वायदेबाजारात क्रूडचा (कच्च्या तेलाचा) मोठा लॉट, म्हणजे ठरलेल्या मापाचा सौदा, घेतला तर वाढीव खर्च निघेल का?

उत्तर: घेऊ नका. डिझेल लिटरला 5 रुपयांनी वाढलं तर तुमचा खर्च महिना 3,000 रुपयांनी वाढेल. उलट मोठा लॉट 100 बॅरलचा, म्हणजे 15,900 लिटरचा. तुमचं सव्वादोन वर्षांचं डिझेल! बॅरलमागे भाव 1,000 रुपयांनी पडला की लाख रुपये गेले, आणि तोटा रोजच्या रोज मार्जिनमधून, म्हणजे सौद्यासाठी ठेवलेल्या अनामत रकमेतून, वळता होतो. एप्रिल 2020 चा क्रूडचा वायदा तर एमसीएक्सवर बॅरलला उणे 2,884 रुपयांना मिटला. लॉट धरून बसलेल्यांची मूळ किंमत गेलीच, वर 2,88,400 रुपये भरावे लागले.

10 बॅरलचा मिनी लॉट मापात बसतो. पण क्रूड आणि पंप एकत्र हलत नाहीत. जून 2022 मध्ये ब्रेंट (ज्याच्या भावावर जगभर तेलाचे दर मोजतात ते क्रूड) बॅरलला 120 डॉलरच्या वर होतं, डिसेंबरात 80 च्या आसपास आलं. तरी तेल कंपन्यांनी पंपावरचा दर उतरवला नाही. राज्याने जुलैत व्हॅट कमी केला, तेवढाच दिलासा. म्हणजे लॉटमध्ये तोटा आणि डिझेल महागच, असंही होऊ शकतं.

‘चढणारच’ हेही तपासा. मागणी वाढली किंवा ओपेक प्लस या तेल उत्पादक देशांच्या गटाने उत्पादन आवळलं, तर भाव चढून टिकतो. सट्टा बहुतेकदा चढउतार ताणतो: जुलै 2008 मध्ये 147 डॉलर, मागणी आटताच डिसेंबरात 40 च्या खाली. देशी उत्पादनावर मात्र भिस्त नको. 85 टक्क्यांहून जास्त क्रूड आपण आयात करतो आणि मुंबई हायचं तेलही आंतरराष्ट्रीय भावाशीच बांधलेलं असतं.

खरी ढाल भाड्याच्या करारात आहे. करार केला त्या दिवशीचा पंपाचा दर त्यात लिहून घ्या आणि दर महिन्याच्या 1 तारखेला फरक काढा. भाड्यात डिझेलचा वाटा 40 टक्के असेल, तर डिझेल 5 टक्के वाढल्यावर भाडं 2 टक्के वाढावं. गिऱ्हाईक कुरकुर करेल. दर उतरल्यावर भाडंही उतरेल, हे त्याच कलमात लिहा.

4 लाखांपैकी दोन-तीन महिन्यांच्या डिझेल आणि हप्त्यांइतकी रक्कम लिक्विड फंडात (पैसे चटकन काढता येतात अशा म्युच्युअल फंडात) ठेवा. उरलेली टेम्पोच्या कर्जात भरा. मात्र आधी मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क किती, ते बँकेकडून लेखी घ्या.