रिपोर्टवर ‘इनकन्क्लूसिव्ह’ लिहिलंय, म्हणजे नक्की काय हो?

प्रश्न: सासूबाईंच्या मानेत गाठ आहे, सुई टोचून नमुना घेतला होता, रिपोर्टवर फक्त ‘इनकन्क्लूसिव्ह’ लिहून आलंय. आमचे हे म्हणतात काही निघालं नाही, सुटलो. नणंदबाई म्हणतात रिपोर्ट अजून पेंडिंग आहे. आणि सासूबाईंना वाटतंय आपण सगळे त्यांच्यापासून काहीतरी लपवतोय. खरा अर्थ काय, आणि मराठीत काय म्हणायचं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, तिघांचंही चुकलंय. पेंडिंग म्हणजे तपासणी अजून उरकलेलीच नाही, भिजत पडलेलं घोंगडं. इथे तपासणी झालीये, फक्त तिच्यातून ना धड हो निघालं ना धड नाही. आणि ‘काही निघालं नाही’ असं तर मुळीच धरू नका, कारण निगेटिव्ह हे सुद्धा एक पक्कं उत्तर असतं आणि हे तेवढंही नाहीये. सुईने घेतलेल्या नमुन्यात कधीकधी पुरेशा पेशीच येत नाहीत, नुसतं रक्तच येतं, मग बघणारा तरी काय सांगणार? कोविडच्या वेळी आरटीपीसीआरचं आठवतंय ना, काही किट्समध्ये विषाणूचे दोन जीन शोधायचे आणि एकच सापडला की हाच शेरा मारून पुन्हा स्वॅब द्यायला बोलवायचे. तुम्हीही डॉक्टरांना सरळ विचारा की नमुना परत घ्यायचा का.

शब्द मूळचा लॅटिन, ‘क्लाउदेरे’ म्हणजे बंद करणे, म्हणजे दार नीट लागलंच नाही असं काहीतरी.

मराठीत ‘अनिर्णायक’ लिहितात, बरोबर आहे, पण सासूबाईंना ते सांगून काय समजणार. ‘अनिर्णित’ म्हटलं की आपल्या डोक्यात क्रिकेट येतं, आणि खरं सांगू का, उदाहरण तिथलंच झकास आहे. 1939 मध्ये डर्बनला इंग्लंड-दक्षिण आफ्रिका कसोटी झाली, निकाल लागेपर्यंत खेळायचं असं ठरवून, 3 मार्चला सुरू झाली ती 14 तारखेपर्यंत चालली, इंग्लंडला 696 हव्या होत्या, 5 बाद 654 झाल्या, पाऊस आला आणि यांची परतीची बोट चुकायची वेळ आली म्हणून सामना तसाच सोडून निघाले! याला म्हणतात इनकन्क्लूसिव्ह. 1986 ची मद्रासची भारत-ऑस्ट्रेलिया टाय मात्र यात धरू नका, तिथे शेवटची विकेट पडून दोघांच्या धावा सारख्या भरल्या, म्हणजे ‘बरोबरी’ हा चोख निकाल लागला.

निवडणुकीत कुणालाच बहुमत नसलं की इंग्रजीवाले वेगळाच शब्द वापरतात, ‘हंग’. त्याला आपल्याकडे ‘त्रिशंकू’ म्हणतात, आणि मला तर तो मूळ शब्दापेक्षा भारी वाटतो. 2017 ला गोव्यात 40 पैकी काँग्रेस 17, भाजप 13, ती त्रिशंकू. पण रिपोर्टला त्रिशंकू नका म्हणू, सासूबाई अजून घाबरतील.

अजून एक, माणसाला इनकन्क्लूसिव्ह म्हणत नाहीत. चर्चा, पुरावा, चौकशी, टेस्ट यांनाच. ज्याचं कायम तळ्यात-मळ्यात चालू असतं तो ‘इनडिसिसिव्ह’, साधं मराठीत धरसोड्या.

घरी एवढंच सांगा, ‘तपासणी झाली, पण त्यातून काही कळलं नाही, परत करावी लागेल बहुतेक’.