वेल्डिंगचा हात पुन्हा बसवताना

प्रश्न : आयटीआयमधून वेल्डर ट्रेड करून चार वर्षं फॅब्रिकेशनमध्ये काम केलं. पुढची आठ वर्षं घरचं दुकान पाहिलं. आता एका कारखान्याने टेस्टला बोलावलं आहे : १२ मिमी प्लेट, ३जी (प्लेट उभ्या ठेवून केलेला उभा जोड), रॉड ७०१८ (कमी हायड्रोजनचा रॉड). तीन आठवडे हातात आहेत. जुनी सर्टिफिकेटं चालतील का? सराव कुठून सुरू करू?
– एक वाचक, कराड

उत्तर : आयटीआयचं प्रमाणपत्र कायमचं असतं. वेल्डर क्वालिफिकेशनचं, म्हणजे टेस्ट देऊन मिळवलेल्या पात्रतेचं, तसं नाही. एएसएमई सेक्शन ९ (वेल्डरच्या पात्रतेची अमेरिकन नियमावली) प्रमाणे एखादी प्रोसेस, म्हणजे वेल्डिंगची पद्धत, सहा महिने वापरली नाही की त्या प्रोसेसची पात्रता संपते. त्यामुळे टेस्ट द्यावीच लागेल, जुन्या कागदावरून हुज्जत घालू नका.

पहिल्याच दिवशी ३जी प्लेट उभी करू नका. ६ मिमीच्या भंगार फ्लॅटवर ३.१५ मिमीचा ६०१३ (नेहमीचा साधा) रॉड घ्या, करंट ११० अँपिअरच्या आसपास ठेवा आणि बीडला (वेल्डच्या रेघेला) लागून बीड मारत जा. इतक्या खंडानंतर सगळ्यात आधी बिघडलेली असते ती आर्कची, म्हणजे रॉडचं टोक आणि प्लेट यांमधल्या ज्वाळेची, लांबी. रॉड जळतो तसा हात खाली यायला हवा. तो वरच राहतो, मग आर्क लांबतो, आवाज फडफडतो, स्पॅटर (वितळलेले थेंब) उडतो आणि कडेला अंडरकट (खाच) पडतो. आर्क रॉडच्या तारेच्या जाडीइतका ठेवा. ७०१८ला त्याहून आखूड. वेगही तपासा : ३५० मिमीचा रॉड ५० मिमी थोटूक ठेवून संपवला तर साधारण २०० ते २५० मिमी बीड पडायला हवी.

मग टी-जॉइंट, म्हणजे आडव्या प्लेटवर उभी प्लेट. एकाच बाजूने वेल्ड करा आणि थंड झाल्यावर उभी प्लेट वेल्डच्या बाजूला हातोड्याने दुमडून तोडा. मुळाशी प्लेटची कड सरळ रेषेत शाबूत दिसली तर रूट (जोडाचं मूळ) वितळलेलाच नाही. करंट कमी होता किंवा आर्क एकाच प्लेटवर झुकला होता. वरून देखणी दिसणारी बीड इथे उघडी पडते, म्हणून ही तोडफोड टाळू नका.

आता ७०१८. मशीन डीसी, होल्डर पॉझिटिव्हला. दुसऱ्याच्या मशीनवर सराव करत असाल तर केबल आधी बघा, ती उलटी लावलेली अनेकदा सापडते. उघड्या पाकिटातला रॉड ३०० ते ३५० अंशांवर तासदोन तास भाजून घ्यावा लागतो. कोटिंगमधल्या ओलाव्यातून हायड्रोजन वेल्डमध्ये जातो. छिद्रं पडतात, पुढे तडेही जातात. सुरुवातीलाच छिद्रं पडत असतील तर आर्क १०–१५ मिमी पुढे काढा, मागे न्या आणि मग त्याच जागेवरून पुढे चला. ती जागा पुन्हा वितळते.

३जीसाठी दोन्ही प्लेटना ३० अंशांचा बेव्हल (तिरकी कड), रूट फेस (खाली ठेवलेली सरळ कड) दीड ते दोन मिमी, गॅप ३ मिमी. वेल्ड आकसतं, म्हणून वरच्या टोकाला गॅप अर्धा मिमी जास्त ठेवा. टॅकची (प्लेट धरून ठेवणाऱ्या छोट्या वेल्डची) टोकं ग्राइंडरने उतरती करा, नाहीतर जोडावर रूट राहतो. रूटला २.५ मिमी रॉड, ७० ते ८५ अँपिअर, खालून वर. कीहोल (आर्कसमोर उघडणारं भोक) रॉडपेक्षा किंचित मोठं दिसत राहिलं पाहिजे. ते बुजलं तर रूट आत उतरत नाही. पसरत चाललं तर करंट जास्त आहे किंवा हात मंद आहे. भरणीला ३.१५, १०० ते ११५ अँपिअर : दोन्ही कडांवर क्षणभर थांबा, मधून झटकन जा. मध्ये रेंगाळलात तर पोट येतं आणि कडेच्या खाचेत स्लॅग (रॉडच्या कोटिंगची मळी) अडकतो. बेंड टेस्टमध्ये (वेल्डचा तुकडा वाकवून पाहताना) ३ मिमीहून मोठी फट उघडली की प्लेट नापास. टेस्टच्या दिवशी मात्र कारखान्याच्या डब्ल्यूपीएसमधले (वेल्डिंगच्या लेखी कार्यपद्धतीतले) आकडे पाळा, इथले नाही.

प्रश्न : वय ४६. वेल्डिंग हेल्मेटची काच बदलली, तरी पूल (वितळलेला धातू) धूसर दिसतो. हलक्या शेडची (कमी गडद) घेऊ का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नको. १०० ते १५० अँपिअरला शेड १० किंवा ११च हवी. या वयात दोष बहुधा काचेचा नसतो, जवळच्या नंबरचा असतो. चष्मा करताना वाचनाचं नाही, जॉबचं अंतर सांगा : साधारण ४० सेंमी. बायफोकलचा खालचा भाग ओव्हरहेड कामात निरुपयोगी ठरतो, कारण तेव्हा वर पाहावं लागतं. त्यापेक्षा हेल्मेटमध्ये बसणारी भिंगाची पट्टी घ्या; ती स्वस्त पडते आणि बदलताही येते.