धाकटा भाऊ नागपूरच्या लीगमध्ये खेळतो आणि रात्री फुटबॉलवर सट्टा लावतो. त्याच्यावर बंदी येईल का? आणि हे सुटणार कसं?

तुम्ही लिहिलंय की भाऊ बावीस वर्षांचा आहे, क्लबकडून जिल्हा लीग खेळतो, व्हॉट्सॲपवरून मिळालेल्या आयडीवर, म्हणजे सट्ट्याच्या साइटवरच्या खात्यावर, इंग्लंडच्या आणि युरोपातल्या सामन्यांवर पैसे लावतो. दीड लाखाचं देणं झालंय, आईबाबांना काही माहीत नाही. तो म्हणतो, "मला फुटबॉल कळतो, एक मोठा डाव लागला की सगळं फिटतं." बंदीचं आधी सांगतो, मग व्यसनाचं. दुसऱ्यावर जास्त लिहिणार आहे, कारण खरा धोका तिथे आहे.

बंदी येऊ शकते. क्लबने सीआरएसवर, म्हणजे महासंघाच्या खेळाडू-नोंदणीच्या ऑनलाइन व्यवस्थेत, त्याची नोंदणी केली असेल तर तो भारतीय फुटबॉल महासंघाचा, म्हणजे पर्यायाने फिफाचा नोंदणीकृत खेळाडू आहे. फिफाची आचारसंहिता खेळाडूला फुटबॉलच्या कोणत्याही सामन्यावर किंवा स्पर्धेवर पैसे लावू देत नाही, स्वतःच्या नावाने नाही आणि दुसऱ्याच्या नावानेही नाही. सामना मँचेस्टरचा असो की नागपुरातल्या मानकापूरचा, नियम तोच. तिथे शिक्षा तीन वर्षांपर्यंतच्या बंदीची आहे. सामना फिरवण्यात हात असेल तर बंदी किमान पाच वर्षांची. फिक्सिंगसाठी कुणी विचारलं आणि खेळाडूने ते लगेच कळवलं नाही, तर तेवढ्यावरूनही कारवाई होते. हे आपल्याकडे फक्त कागदावर आहे असं समजू नका. मिझोरममध्ये २०२४ साली राज्य संघटनेने सामने फिरवल्याच्या प्रकरणात २४ खेळाडूंवर आणि तीन क्लबांवर बंदी घातली.

इंग्लंडमध्ये १ ऑगस्ट २०१४ पासून वरच्या सगळ्या पातळ्यांवरच्या खेळाडूंना जगातल्या कुठल्याही फुटबॉल सामन्यावर पैसे लावायला मनाई आहे. कोण कुठल्या क्लबात जाणार, कुठला प्रशिक्षक हटणार, यावरसुद्धा नाही. आतली माहिती पुरवणं हाही गुन्हाच. इंग्लंडचा खेळाडू किरन ट्रिपियर ॲटलेटिको माद्रिदला जाणार हे त्याच्याकडून मित्रांना कळलं, मित्रांनी पैसे लावले, आणि त्याला २०२० मध्ये दहा आठवडे बाहेर बसावं लागलं. तुमच्या भावाला हे नीट समजावून सांगा. "आज आमचा गोलकीपर खेळत नाहीये" हे त्याने सट्टेवाल्या ग्रुपवर टाकलं, तर ती माहिती पुरवणंच झालं.

दोन प्रकरणं तुमच्या कामाची आहेत. इंग्लंडचा खेळाडू आयव्हन टोनी याने २३२ वेळा नियम मोडल्याचं कबूल केलं आणि मे २०२३ मध्ये त्याला आठ महिन्यांची बंदी झाली. मानसोपचारतज्ज्ञाने जुगाराच्या व्यसनाचं निदान केलं होतं, म्हणून समितीने तीन महिने कमी केले, नाहीतर अकरा झाले असते. इटलीचा खेळाडू सांद्रो तोनाली याला इटलीत ऑक्टोबर २०२३ मध्ये अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्यातले आठ महिने उपचार आणि १६ जाहीर कार्यक्रमांच्या बदल्यात वळते केले गेले. इंग्लंडमध्ये गेल्यावरही आपण पैसे लावले होते हे त्याने स्वतःहून सांगितलं, म्हणून तिथली दोन महिन्यांची बंदी स्थगित ठेवली गेली. दोघांच्या बाबतीत निदान, उपचार आणि कबुली यांचं वजन पडलं. त्यामुळे बंदीच्या भीतीने डॉक्टरकडे जाणं लांबवू नका. डॉक्टरचा केसपेपर उद्या त्याच्याच बाजूने उभा राहतो.

आता ते "मला फुटबॉल कळतो". कळत असेलही. पण दरभाव लावणाऱ्या बुकीला सामन्याचा निकाल ओळखावा लागत नाही, त्याचं पोट दरातल्या फरकावर भरतं. समजा, सामना अगदी बरोबरीचा आहे आणि दोन्ही बाजूंना १.९० चा भाव आहे. हजार लावले आणि जिंकलो तर १९०० हातात येतात, हरलो तर हजार जातात. म्हणजे दर हजारामागे सरासरी ५० रुपये खायवालाच्या, म्हणजे त्या बुकीच्या, खिशात. एकाच पावतीत पाच सामने जोडले की हा पाच टक्क्यांचा काप पाच वेळा बसतो आणि सरासरी तोटा २२ ते २३ टक्क्यांवर जातो. पोरांना नेमकी हीच पावती आवडते, कारण शंभराचे अडीच हजार होताना दिसतात. चालू सामन्यात लावत असेल तर आणखी वाईट. मोबाइलवरचं प्रक्षेपण मैदानाच्या काही सेकंद मागे असतं आणि भाव बदलणाऱ्याकडे मैदानातली माहिती आधी पोचलेली असते.

हरल्यावर दुप्पट लावून वसूल करण्याचा हिशेब त्याच्याच समोर कागदावर मांडा. ५००, १०००, २०००, ४०००, ८०००, १६०००, ३२०००. सलग सात वेळा हरला तर ६३,५०० रुपये गेले, आणि हे सगळं पहिले ५०० सुटावेत म्हणून. पन्नास-पन्नास टक्क्यांच्या खेळात सलग सात हार १२८ पैकी एकदा येते. फार दूरची वाटते, पण असे शंभर डाव सुरू केले तर त्यांत ती एकदा तरी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. रोज रात्री तीन-चार डाव टाकणाऱ्याचे शंभर डाव महिन्याभरात होतात.

व्यसन आहे की नुसता शौक, हे ओळखायला डॉक्टर नऊ खुणा बघतात: रक्कम वाढवत नेल्याशिवाय मजा न येणं, बंद केलं की चिडचिड, सोडायचे फसलेले प्रयत्न, सतत डोक्यात तेच, मन उदास असलं की लावणं, हरलेले पैसे वसूल करायला परत जाणं, खोटं बोलणं, नातं, नोकरी किंवा शिक्षण पणाला लागणं, आणि देणं फेडायला दुसऱ्यांकडे हात पसरणं. बारा महिन्यांत चार खुणा दिसल्या तर निदान होतं, आठ-नऊ म्हणजे गंभीर. तुमच्या प्रश्नातच मला चार सापडल्या.

त्याच्या बँक स्टेटमेंटची एक शनिवार रात्र उघडा. साडेआठच्या सामन्यांपाशी ५०० जातात, मग पुन्हा ५००, मध्यंतराच्या सुमारास १०००, रात्री अकरानंतर २०००. दरवेळी पैसे घेणाऱ्याचं नाव वेगळं, आडनावं कुठकुठल्या राज्यांतली. ही किरायाने घेतलेली खाती असतात. अशा एखाद्या खात्याची सायबर तक्रार झाली की साखळीतली इतर खातीही गोठतात, तुमच्या भावाचंही. तो जिंकलेले पैसे अशाच खात्यांतून घेत असेल तर हा धोका दुप्पट. त्याने स्वतःचं खाते किंवा सिम कुणाला "वापरायला" दिलंय का, हे आजच विचारा. संचार साथी पोर्टलवर त्याच्या नावावरची सगळी सिम दिसतात.

पैशाची तोटी आधी बंद करा. साइट ब्लॉक करण्यात वेळ घालवू नका, त्यांची नावं दर आठवड्याला बदलतात. पगार किंवा मानधन आई किंवा बाबांसोबतच्या संयुक्त खात्यात वळवा, त्या खात्यावर यूपीआय सुरूच करू नका. त्याच्या हातात एक लहान खातं ठेवा आणि त्यात आठवड्याचा खर्च टाका: पेट्रोल, नाश्ता, बस्स. जुन्या खात्याचं यूपीआय बंद करा, डेबिट कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद करा, ऑटोपेमध्ये काही चालू असेल तर रद्द करा. क्रेडिट कार्ड आणि "आत्ता घ्या, नंतर भरा" वाल्या मर्यादा लेखी अर्ज देऊन बंद करा. घरातलं सोनं मोजा. गहाण ठेवलं असेल तर सगळ्यात उशिरा कळतं ते हेच. हे सगळं त्याच्या संमतीने, त्याला शेजारी बसवून करा. लपून केलंत तर तो आठवड्यात दुसरी वाट काढतो.

देण्याची यादी करा आणि तीन भाग पाडा. बँक आणि नोंदणीकृत संस्थेचं कर्ज हे खरं देणं, ते हप्त्यांनी फेडायचं. मित्रांचे हातउसने हेही खरं देणं, मुदत मागून घ्यायची. बुकीचं देणं वेगळं आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार निरर्थक असतो, त्यासाठी कोर्टात वसुलीचा दावा करता येत नाही. म्हणून बुकी कोर्टात जात नाही, फोनवर धमकावतो. धमकीचे कॉल आणि मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. धमकी देऊन पैसे उकळणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणी ठरतं. लगेच मदत हवी असेल तर ११२.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: दीड लाख एकरकमी भरून टाकू नका. घरचे नेमकं तेच करतात, बाबांचा पीएफ मोडून मोकळे होतात, आणि पोराच्या डोक्यात "घर वाचवतं" हे पक्कं बसतं. आयडीवर पुन्हा उधारीची मर्यादा मिळते आणि पुढचं देणं याहून मोठं असतं. फेड त्याच्याच कमाईतून, दर महिन्याला, तुमच्या नजरेसमोर होऊ द्या.

खेळाडूच्या बाबतीत देणं आणखी एका कारणाने घातक आहे. फिक्सर अशाच पोरांना शोधतो ज्यांचं देणं थकलंय. "पैसे सोड, फक्त पुढच्या सामन्यात पहिल्या वीस मिनिटांत एक पिवळं कार्ड घे," असं येतं ते. एकदा हो म्हटलं की दुसऱ्यांदा विचारत नाहीत, सांगतात. असा शब्द आला असेल तर त्याच दिवशी क्लबच्या सचिवाला आणि जिल्हा संघटनेला लेखी कळवा, तारीख आणि नंबरासकट.

कायद्याचं थोडक्यात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदीचा कायदा केला. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे, नुसत्या खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. पण तुमचा भाऊ क्लबातल्या चार पोरांचे पैसे गोळा करून लावत असेल, कमिशन घेऊन आयडी वाटत असेल, तर तो खेळणारा राहत नाही. ते आज थांबलं पाहिजे.

डॉक्टरसाठी खर्चाची सबब नको. नागपुरात मेडिकल आणि मेयो, या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे, कोराडी रोडला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. सकाळच्या ओपीडीला जा, सहा महिन्यांचं स्टेटमेंट सोबत न्या आणि "टेन्शन आहे" असं मोघम न सांगता "जुगाराचं व्यसन" असं स्पष्ट सांगा. मुख्य उपचार म्हणजे विचार आणि सवयी बदलण्याची बोलण्यातून होणारी थेरपी, साधारण दर आठवड्याला एक बैठक, काही महिने. काहींना डॉक्टर नाल्ट्रेक्सोन देतात, त्याआधी लिव्हरची तपासणी करून घेतात. नैराश्य किंवा दारू सोबत असेल तर त्याचेही उपचार एकदमच चालतात. तोवर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. "मी नसतो तर बरं झालं असतं" असं तो एकदा जरी बोलला, तर ओपीडीची वाट न बघता थेट मेडिकलच्या कॅज्युअल्टीत न्या. जुगाराच्या व्यसनात आत्महत्येचा धोका खरा असतो, आणि देणं उघड होण्याच्या आसपासचे दिवस सगळ्यात नाजूक असतात. म्हणून आईबाबांना सांगाल तेव्हा तुम्ही स्वतः घरी असा, रात्री त्याला एकटं सोडू नका.

फुटबॉल सोडायला लावू नका. दिवसाचा सराव त्याला सावरणारी गोष्ट आहे. बंद करायचं ते रात्रीचं एकट्याने मोबाइलवर सामने बघणं. बघायचेच असतील तर हॉलमधल्या टीव्हीवर, कुणीतरी सोबत असताना, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. टिप्स देणारे टेलिग्राम चॅनेल त्याच्याच हाताने सोडायला लावा. चॅम्पियन्स लीगच्या रात्री हिवाळ्यात दीडला आणि उन्हाळ्यात साडेबाराला बहुतेक सामने सुरू होतात. त्या वेळी दिवा चालू दिसला तर उठून त्याच्याजवळ जाऊन बसा. पहिल्या काही महिन्यांत तो एखाद्या वेळी घसरेल, बहुधा मानधन जमा झाल्यावर किंवा संघ हरलेल्या रात्री. तसं झालं तर किती गेले ते त्याच रात्री तुम्हाला सांगायचं आणि तुम्ही त्या रात्री रागवायचं नाही, हे आत्ताच ठरवून ठेवा. डॉक्टरची पुढची तारीख अलीकडे घ्या आणि आठवड्याचा खर्च देताना आता रोजच्या रोज द्या.